वाढ

सुमेधाने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. सर्किट हाउसच्या दालनात दाटीने बसलेल्या बायका गप्प झाल्या.

टोलवाढीवर लोकांचं म्हणणं ऐकायला विधिमंडळाची समिती आली होती. समोरच्या लांब टेबलाशी, सदस्यांमध्ये, सुमेधाचा दीर नीलकंठ बसला होता. शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेला आमदार. या बायकांच्या मुली नाक्यापलीकडच्या गावांतून शाळेच्या जीपने येत. टोल वाढला तर जीप परवडणार नाही, असं संस्थेने मुख्याध्यापिका म्हणून सुमेधाला कळवलं होतं. जीप नाही तर शाळा नाही, हे बायकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

आदल्या दिवशी ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या तिच्या घरी जेवताना नीलकंठ म्हणाला होता,

“वहिनी, बायकांना आणा, पण बोलू देऊ नका. गलका झाला की अध्यक्ष बिथरतात. मी बोलतो.”

“नक्की ना, भावजी?”

“म्हणजे काय! तुमच्या हातचं खाऊन खोटं बोलेन?”

अध्यक्षांनी प्रस्ताव वाचून चष्मा काढला.

“किसी को कोई आपत्ति?”

बायकांनी सुमेधाकडे पाहिलं, सुमेधाने नीलकंठकडे. तो पेनाला टोपण लावत होता. लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“कोई आपत्ति नहीं. आगे चलिए.”

सुमेधा उठली तेव्हा पुढचा विषय निघाला होता. शिपायाने हात जोडून तिला बसायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात गंगा तिच्याजवळ आली. तिची मुलगी नववीत होती.

“दीदी, आप ही तो कही थीं चुप रहना. अब बोलें?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

नवे दर लागू झाले त्याच आठवड्यात जीप बंद झाली. रविवारी नीलकंठ नेहमीसारखा जेवायला आला.

“वरून फोन होता, वहिनी,” वरणभात कालवत, मान वर न करता तो म्हणाला. “अशा वेळी आमचं काही चालत नाही. पुढच्या अधिवेशनात बघू.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डाव्या हाताने फोन कानाला लावून तो बोलू लागला. सुमेधा भाताचं पातेलं घेऊन आली.

“वाढू?”

तो फोनवर हसत होता. तिने एक डाव भात वाढला. थांबली. आणखी एक वाढला. मग आणखी. भात कोशिंबिरीवर चढला, वाटीत घसरला, शितं ताटाबाहेर पडली.

“अहो वहिनी, हे काय! पुरे, पुरे!” फोन टाकून त्याने दोन्ही हात ताटावर धरले.

“मी विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही काही बोलला नाहीत.”

डाव तिने तसाच धरून ठेवला. पाटाशेजारी पडलेल्या फोनमधून कुणीतरी विचारत होतं, “विधायकजी? सुन रहे हैं न?”