पाचवी पाटी

“हात लागला तुले. हात वर कर,” मी म्हणालो.

विश्वनाथ थांबला नाही. माझी पाचवी पाटी ओलांडून तो पुढे निघून गेला आणि मंडळाचे चिटणीस मनोहररावांनी “बत्तीस” म्हणून टाळी वाजविली.

आट्यापाट्यांचा हा नियम नागपुरात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. पाटी राखणाऱ्याचा स्पर्श होताच पळणाऱ्याने स्वतः हात वर करून बाहेर पडावे; पंचांनी पाहिलेच पाहिजे असे नाही. एकोणीसशे अठ्ठावीस साली मी एका डावात एकतीस पाट्या काढल्या. बत्तिसाव्या पाटीवर कुणाचे नख माझ्या शेंडीस लागले. पंचांस ते दिसले नव्हते, तरी माझा हात आपोआप वर गेला. पुढे अकरा वर्षे तो आकडा कोणास मोडता आला नाही. गिरणीच्या रंगखात्यात ज्याचे नाव कोणी धड घेत नाही, अशा माझ्यापाशी तेवढा एकच आकडा होता.

डाव संपताच मी विश्वनाथास मांडवापाशी गाठले.

“काहून हात वर नाही केला?”

“पंचानं पाह्यलं का?” तो हसला. “वय झालं तुमचं, देवरावभाऊ. हवा लागली असन बोटाले.”

“हवेनं चुना लागते का गा? पाठ पाह्य आपली.”

वाकताना माझा हात पाटीवरच्या चुन्यात टेकला होता. त्याच्या निळ्या बंडीवर माझी चार बोटे पांढरीशुभ्र उमटली होती. पंचांनी ती पाहिली, आणि ते आपले उपरणे झटकू लागले.

मनोहरराव विश्वनाथाचे सख्खे मामा. ते मध्ये पडले. “अकरा वर्षं मिरवला ना बाप्पा. आता पोराले मिरवू दे.”

माझे कान तापले. “मोडा ना आकडा. मी कायले रडू? पण पळून मोडा.”

फोटोवाल्याने काळ्या कापडात डोके घातले. विश्वनाथाच्या गळ्यात हार पडला आणि मला नेमके त्याच्या पाठीमागे उभे करण्यात आले. मनोहररावांनी मान वळवून हळूच म्हटले, “देवराव, त्याची पाठ झटकून दे बरं जरा.”

मी दोन्ही हात मागे बांधले.

“फोटो समोरून निघते,” मी म्हणालो. “राहू द्या.”

नंतर सर्व मंडळी हौदावर हातपाय धुवावयास गेली. मी तसाच महाल पेठेतून पायी घरी निघालो. घामाने भिजलेला चुना वाटभर तळव्यास झोंबत होता.