अंगावर पाच, काट्यावर चार सातशे

मी वजन बोलतोय. पाच किलोचं लोखंडी वजन. म्हणजे माझ्या पोटावर ठळक पाचचा आकडा ओतलेला आहे. मी किती किलोचा, हा प्रश्न मला कधी पडायचं कारणच नव्हतं. १९९४ सालच्या जत्रेनंतर मात्र तो पडला, आणि आजतागायत सुटलेला नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात. सगळं ऐका आणि मला सांगा.

माझा जन्म ओतशाळेत झाला. लालभडक लोखंड साच्यात ओतलं, थंड केलं, आणि मग माझ्या बुडाशी ठेवलेल्या भोकात थोडं शिसं भरलं. वजन कमी-जास्त असेल तर या शिशानं बरोबर करतात. त्या शिशावर सरकारी शिक्का बसला. मला फार बरं वाटलं. जगात आपल्याबद्दल एक तरी गोष्ट पक्की आहे, असं वाटलं.

तिथून मी भवानीनगरजवळच्या एका वाडीत हिंदुरावांच्या किराणा दुकानात आलो. हिंदुराव ऊस बागायतदार, वर दुकान, वर जत्रा कमिटीचे अध्यक्ष. अंगावर पांढरंशुभ्र धोतर आणि बोलणं मोठं गोड. एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्यांनी मला उलटं केलं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं माझ्या बुडातलं शिसं उकरून काढलं. भोकात लाख भरली, वर काजळी फासली. मला वाटलं, काहीतरी उपचार चाललाय. नंतर हलकं वाटत होतं, हे खरं. पण पोटावरचा पाच तसाच होता. मग मी पाचच ना?

दुकानात माझ्यासारखाच आणखी एक पाच किलो होता. तो कपाटात असायचा. वजनमापाचे साहेब तपासणीला आले की तो बाहेर यायचा आणि मी आत. साहेब गेले की मी बाहेर, तो आत. ही अदलाबदल कशासाठी, ते मला कळत नव्हतं. मी आपला मुकाट्यानं तराजूच्या पारड्यात बसायचो. समोरच्या पारड्यात कधी साखर, कधी तूरडाळ, कधी गूळ.

गल्ल्याजवळ बसलं की सगळी वाडी ऐकू येते. १९९३ च्या जत्रेनंतर आठवडाभर एकच विषय होता. रामभाऊंच्या नातीनं, मेघनानं, घोड्यांची शर्यत जिंकली होती.

रामभाऊ पुण्याच्या रेसकोर्सवर तीस वर्षं घोडे सांभाळायला होते. निवृत्त झाले तेव्हा मालकानं पायाला मार लागलेली एक घोडी त्यांना देऊन टाकली. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. रामभाऊंच्या पत्नी अक्काबाई तिला शिलवर म्हणायच्या. तिचा पाय आजी-आजोबांनी शेकून शेकून बरा केला, आणि तिच्यावर बसायला मेघना शिकली. रेसकोर्सवर बसतात तशी, रिकिबीत उभी राहून, खोगिराला न टेकता.

गल्ल्यावर लोक म्हणायचे, "पोरगी जिंकली न्हाय. पोरगी हलकी हाय, म्हणून घोडी जिंकली."

आदल्या वर्षी हिंदुरावांचा पुतण्या राजवर्धन जिंकला होता. तेव्हा कुणी वजनाचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा म्हणत होते, पोरगं वाघ आहे. मी वजन असूनही मला हा हिशेब लागला नाही. घोडा मुलाला घेऊन पहिला आला तर मुलगा वाघ, आणि मुलीला घेऊन आला तर मुलगी हलकी?

दुसऱ्या वर्षीची जत्रा जवळ आली तेव्हा हिंदुरावांनी कमिटीत नवा नियम करून घेतला. प्रत्येक स्वार किमान पन्नास किलोचा हवा. कमी भरला तर तेवढं वजन घोड्यावर बांधायचं.

त्याच आठवड्यात अक्काबाई घोडीसाठी गूळ न्यायला आल्या. शेजारच्या कुशाबाई साखर घेत होत्या.

"अक्काबाई, नातीला जॉकी करताय म्हणं?"

"आमी कोण करणार? पुण्याला शिकायला जायचा फारम आलाय. तिच्या बापाची सही पायजे, आन त्यो करंना. म्हाताऱ्याच्या खिशात फारम घडी पडून फाटाय आलाय."

"संघपाल चांगला शिकलेला हाय की. त्याला काय झालं?"

"म्हणतो, गेल्या साली हलकी म्हणून जिंकली, असं समदी म्हणत्यात. तितं पुण्यात बी म्हणतील. सारख्या वजनानं पयली ये, मग सही. आन मुदत सरती महिनाअखेरीला."

कुशाबाई म्हणाल्या, "आन दुसरी आली तर?"

"तर डी.एड.चा फारम भरून ठेवलाय त्यानं. त्याच्यावर मातर सही झालीया."

मला संघपाल आवडायचे, कारण ते माझ्याच धंद्यातले. कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. उसाची गाडी कुणाचीही असो, आकडा येईल तो लिहायचा, अशी त्यांची ख्याती. पण माणूस अबोल. आकड्याच्या पलीकडे ते बोलायचे नाहीत.

जत्रेच्या दिवशी सोसायटीच्या खताच्या गोदामातला फळीचा काटा दुकानासमोरच्या मैदानात आणून ठेवला होता, आणि वजन करायला संघपालच होते. मेघनाचं नाव पहिलं पुकारलं. चार-पाचशे माणसांसमोर ती काट्यावर उभी राहिली. सतरा वर्षांची, केस आवळून बांधलेले, भावाची जुनी पँट.

"भाकरी खात जा गं जरा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"खाती की," ती मान न वळवता म्हणाली. "तुमच्यागत बसून न्हाय खात."

पंचेचाळीस भरली. हिंदुरावांनी वहीत लिहिलं आणि उरलेल्या चौघांची वजनं तिथंच बसून विचारली.

"राजा, तुझं किती?"

"बावन्न, काका."

लिहिलं बावन्न. सांगवीच्या स्वारानं चोपन्न सांगितलं, डाळजच्यानं एक्कावन्न, चौथ्यानं अठ्ठावन्न. जे सांगितलं ते लिहिलं. काटा तिथंच होता, रिकामा. संघपालांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात हलगी सुरू झाली आणि ते मिटलं.

आता पाच किलो कमी पडत होते. "थांबा, मी देतो," म्हणून हिंदुराव स्वतः दुकानात आले. आले ते थेट गल्ल्याकडे. कपाटातला खरा भाऊ कपाटातच राहिला. विकायला रोज जो हातात येतो तोच, सवयीनं, त्यांनी उचलला. मला.

मैदानावर अक्काबाईंनी गोणपाटाची पिशवी शिवून ठेवली होती. मला तिच्यात घातलं आणि खोगिराखाली आवळलं. रामभाऊंनी वर हात ठेवला आणि नातीला म्हणाले, "माणसाचं वजन पुढंमागं हलतं, घोड्याला सोबत करतं. लोखंड हलत न्हाय. त्यामुळं हे पाच किलो तिला सातागत लागतील. वळणावर घाई करू नगंस."

"आबा, फारम खिशात हाय न्हवं?"

"हाय. तू पळ."

मला शर्यत दिसली नाही. पिशवीतून काय दिसणार? धुराळ्याचा वास, घोडीचा घाम, टापांचा आवाज. एवढं मात्र जाणवलं की शिलवरच्या पाठीवर मी एकटाच होतो. मेघना होती, पण टेकलेली नव्हती. माझ्यावर तिची सावली हलल्यासारखी वाटायची, इतकंच. मुलगी हलकी म्हणजे काय, ते मला तिथं कळलंसं वाटलं. पण लोक जे म्हणत होते, ते हे नव्हतं. मग ते काय म्हणत होते?

वळणावर मेघनानं घाई केली नाही. म्हणजे सगळे पुढे गेले. मग वळणापुढचा नाला ओलांडला आणि शिलवरनं श्वास बदलून वेग घेतला. शेवटच्या झेंड्याजवळच्या आरोळ्यांवरून कळलं, राजवर्धनचा घोडा दोन घोड्यांच्या अंतरानं मागे होता.

राजवर्धन उतरला तोच ओरडत. "वजन खोटं हाय! हिनं वजन बदललंय! काट्यावर घाला ते!"

"राजा, जाऊ दे," हिंदुराव घाईनं म्हणाले. "जत्रा हाय. पोरीची जात हाय. पुढल्या साली बघू."

"का जाऊ दे काका? तुमीच दिलंय न्हवं? मग घाला की काट्यावर!"

"आरं गप की!"

पिशवी सोडत मेघना म्हणाली, "घाला. मी कुठं न्हाय म्हणती?"

तिला काय माहीत! मला माहीत होतं का? मला एवढंच माहीत होतं की पोटावर पाच आहे आणि बुडाशी लाख आहे. यांतला खरा कोण, ते काटा सांगणार होता. मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. मी पाच नसलो, तर या मुलीची सही जाणार.

संघपालांनी मला फळीवर ठेवलं. लोखंडी दांडीवरचं माप सरकवलं. परत सरकवलं. आजवर कुणाच्याही गाडीचा त्यांनी खोटा आकडा सांगितला नव्हता, आणि ही गाडी त्यांची स्वतःची होती.

"चार किलो सातशे," ते म्हणाले.

त्यांनी मला उलटं केलं, खिशातली किल्ली बुडाच्या भोकात घातली. लाखेचा तुकडा खाली पडला.

मग कुशाबाईंचा आवाज आला. "म्हंजी माजी साखर?"

एवढं पुरे झालं. "माजी डाळ!" "माज्या लेकीच्या लग्नाचा गूळ!" बायका पुढे सरकल्या. हिंदुरावांचं धोतर पहिल्यांदाच मळलेलं दिसलं. पण माणूस मुरलेला. हात वर करून म्हणाले, "दुकानाचं दुकानात बघू! हितं शर्यतीचं बोला. नियम पन्नासचा. पोरगी पन्नास भरली का? संघपाल, तूच सांग."

मेघना बापाकडं बघत होती.

"न्हाय भरली," संघपाल म्हणाले. "एकोणपन्नास सातशे."

"झालं तर! पोरगी बाद. दुसरा आलेला पयला. राजवर्धन!"

"थांबा." संघपालांनी दांडीवरचं माप शून्यावर आणलं. "काटा हितंच हाय. बाकीची चौघं बी या."

"त्यांची वजनं वहीत हाईत."

"वही काटा न्हाय, हिंदुराव. राजवर्धन, ये बाळा. उभा राहा."

राजवर्धन काकाकडं बघायला लागला. मागून बायका ओरडल्या, "चढ की रं! भाकरी खातोस न्हवं?" तो चढला. सत्तेचाळीस. मानाचा म्हणून कुणीतरी दिलेला नारळ हातात होता, तो धरून. तिसरा आलेला सांगवीचा अठ्ठेचाळीस भरला. डाळजचा काट्यापर्यंत आलाच नाही, घोडा धरायला गेला. चौथा तेवढा खरा निघाला, आणि तो सगळ्यांत शेवटी आला होता.

म्हणजे पहिल्या तिघांत सर्वांत जास्त वजन घेऊन पळालेली घोडी शिलवर होती. हे मला कळलं. संघपालांना कळलं. कुशाबाईंना कळलं. कमिटी मात्र बाभळीखाली बसून तासभर खल करत राहिली. शेवटी हिंदुरावांनी माईकवरून सांगितलं, "शर्यतीचा निकाल राखून ठेवण्यात येत आहे."

मेघना घोडीला पाणी पाजत होती. संघपाल रामभाऊंकडं गेले. "आबा, फारम काढा." फॉर्म फळीच्या काट्यावर पसरला आणि खिशातलं पेन काढलं.

"पप्पा, पण निकाल न्हाय लागला," मेघना म्हणाली. "पयली ये, म्हणाला होता तुमी."

"त्या निकालाची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील," ते म्हणाले, आणि सही केली. मग थोडं थांबून, खाली मान घालून म्हणाले, "सकाळी बोलायला पायजे होतं मी. त्या चौघांना चढवायला पायजे होतं. हलगी वाजली आन..." तिनं पाण्याची बादली खाली ठेवली.

पुढे वजनमापवाले आले, दुकानातली वजनं जप्त झाली, दंड झाला. पंचनाम्यात माझा उल्लेख नाही. मी तेव्हा अक्काबाईंच्या घरी पिशवीतच होतो आणि मला कुणी विचारलंच नाही. ज्याच्यावरून सगळं झालं तोच कागदावर नाही, हे कसं, तेही मला कळलेलं नाही. दुकान चालू आहे. आता तिथं लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. मी दुधाच्या पातेल्यावर झाकण दाबून बसतो, मांजरानं तोंड घालू नये म्हणून.

मागच्या वर्षी, १९९८ ला, मेघना रेसकोर्सवर मोठी शर्यत जिंकली. रामभाऊंनी पेपर आणला आणि वाचता वाचता भिरकावला. मथळा होता, 'महिला जॉकीची बाजी, कमी वजनाचा लाभ'. घोड्याचं नाव होतं, मालकाचं होतं, घोडा तयार करणाऱ्याचं होतं. तिचं नाव सातव्या ओळीत.

"आरं, तितं खोगिराखाली शिसं घालत्यात!" म्हातारा ओरडत होता. "समद्यांना तोलत्यात, पळायच्या आधी आन पळाल्यावर बी! कसला लाभ? कोण लिहितं हे?"

दिवाळीला ती घरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, मी विचारलं त्या बातमीदाराला. म्हणाला, मॅडम, मी बरोबर लिहिलं होतं, मथळा वरून आला." मग दूध घेताना तिनं मला उचललं, तळहातावर जोखलं आणि हसली. "चार सातशे," म्हणाली. आजवर मला कुणी माझ्या खऱ्या आकड्यानं हाक मारली नव्हती.

आता माझं एकच मागणं आहे. कधीतरी मला भंगारात द्याल, तेव्हा आधी कानशीनं पोटावरचा पाच घासून काढा. त्याचं ओझं मला झेपत नाही. आणि पुन्हा कुणी म्हणालं की ती हलकी म्हणून जिंकली, तर त्याच्याशी वाद घालू नका. एवढंच विचारा, बाकीच्यांना काट्यावर चढवलं होतं का?

वाडीच्या त्या जत्रेचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे. कुणासाठी, ते मला अजूनही कळलेलं नाही.