थकलेल्या पाठीचं माप

चौदा चपटे दगड.

कपाळावरचा पट्टा भिजला की कातडं सोलतो.

हर्कधन राईला नेपाळातल्या नाम्चेच्या बाजारात त्याच्या मापाचे बूट मिळत नाहीत.

नदीवरच्या पुलानंतर दोन तास नुसता चढ.

मनरूपाच्या दोन्ही गुडघ्यांवर जुने व्रण.

त्या चढावर हमालांनी स्वतःच्या हातांनी कट्टा बांधायला घेतला होता. पाठमोरं व्हायचं, टोपली कट्ट्यावर टेकवायची, पट्टा सोडून मान मोकळी करायची, एवढ्यासाठी. वरचा थर नुकताच बसला होता, तेवढ्यात परदेशी पाहुण्यांच्या तीन बॅगा पाठीवरच्या टोपलीत घेऊन मनरूपा वळणावर आली. पाठमोरी झाली. टोपलीचं बूड कट्ट्याच्या काठावर चढेचना. कट्टा तिला वीतभर जास्त उंच होता.

"हर्कदाजू, कुणाच्या मापानं बांधलास?" तिनं हर्कधनला विचारलं.

"माझ्या. सकाळी उभा राहिलो, ह्या टंकनं खूण केली."

"रिकामाच उभा राहिलास?"

"मग काय, तुला पाठीवर घेऊन राहू?"

शेजारी दगड बसवणारा टंक फिदीफिदी हसला.

"घेतलं असतंस तर माप बरोबर आलं असतं," मनरूपा म्हणाली. "चढून आलेल्या माणसाचं ओझं चार बोटं खाली लोंबतं. इतकी वर्षं वाहिलंस ना?"

"दिदी, ओझ्याखाली काठीचा टेका दे आणि मग भांड," टंक म्हणाला.

"काठी लावली की पाठ वर जाते. माप खोटं येतं."

"बुटक्यांसाठी बांधला तर उंचांनी काय करायचं?" हर्कधननं विचारलं.

"गुडघे वाकवायचे. मी उंची कुठून आणू?"

खाली बसून ओझं जमिनीवर टेकवता आलं असतं. सव्वीस वर्षं तिनं तेच केलं होतं. गुडघे टेकायचे, आणि उठताना कुणाकडे तरी हात मागायचा. कट्टा असाच राहिला तर पुढेही तेच. एकदा पुरा झालेला कट्टा कोण उकलणार?

"काढ वरचा थर," ती म्हणाली. "मी उभी आहे."

खालून आणखी दोन हमाल आले आणि काठ्यांवर ओझी टेकवून थांबले. हर्कधननं त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग पहार उचलली. पहिला दगड निघाला. दुसरा. घाम तिच्या हनुवटीवरून टपटपत होता.

"दिदी, टेक की जरा."

"तू दगड मोज."

शेवटचा, चौदावा दगड निघाला तशी ती अर्धं पाऊल मागे सरकली. टोपली टेकली. ना धक्का, ना वाकणं. तिनं पट्टा सोडला, मान ताठ केली आणि चौघांकडे समोरासमोर पाहिलं.

"आता ह्याच्यावर एक दगड चढवून तर बघा."

हर्कधननं एका हमालाची टोपली आपल्या पाठीवर घेतली, गुडघे मोडून कट्ट्यावर टेकवली.

"बसतंय," तो म्हणाला.

कट्ट्याच्या पायातला सगळ्यात मोठा दगड जेठ महिन्यात नदीवरून मनरूपानं आणला होता.