चिमट्याचा अर्धा फेरा

मंगळवारी सकाळी दहा वाजता डॉ. आस्ब्योर्गने गुनवोर हेल्लेच्या कण्याच्या तळाच्या हाडात चालवलेला ड्रिल मध्येच थांबवला.

गुनवोर बर्गनमधल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. शनिवारी ती ऑर्गनच्या माळ्याच्या जिन्यावरून पडली आणि कमरेचं हाड उजवीकडे दुभंगलं. ऑर्गनचे खालचे सूर पायांनी वाजतात, आणि पाऊल उचलणारी नस या तळहाडाला खेटून जाते. "पाय गेला तर मला घरी पाठवू नकोस, सरळ चर्चमागे पुरून टाक," भूल घेण्यापूर्वी ती आस्ब्योर्गला म्हणाली होती.

शस्त्रक्रियेत मदतीला रोबोट होता, पण तो भोक पाडत नाही. स्क्रूसाठी ठरलेल्या तिरप्या रेषेत तो नळी धरून ठेवतो, ड्रिल डॉक्टर चालवतात. हाड कुठे आहे हे त्याला ऑपरेशन टेबलावरच काढलेल्या स्कॅनवरून आणि कमरेच्या उजव्या हाडात रोवलेल्या खुणेच्या चौकटीवरून कळतं.

"स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. थांबलीस का गं?" तिचा सहायक सर्जन सिंद्रे म्हणाला.

"हाड लागत नाहीये."

"रोबोट म्हणतोय लागतंय."

"त्याच्या हातात ड्रिल नाहीये. माझ्या हाताला पोकळ लागतंय."

सिंद्रेने तुटलेले भाग आवळून धरणाऱ्या चिमट्याकडे पाहिलं. "स्कॅननंतर तू हा आवळलास?"

आवळला होता. फट किंचित उघडी दिसली म्हणून अर्धा फेरा. रोबोट येण्याआधीची सगळी वर्षं ती हेच करत आली होती. उजवा भाग सरकला, त्याच्याबरोबर चौकटही सरकली, तळहाड मात्र जागेवरच राहिलं, आणि रोबोट सरकलेल्या चौकटीवरून जुन्या चित्रावर नेम धरून राहिला.

नव्या स्कॅनमध्ये ड्रिलचं टोक हाडाबाहेर, नसेच्या शेजारी दिसलं. नसेला लागलं की नाही, ते चित्रात दिसत नाही. ते भोक सोडून नव्या रेषेत स्क्रू बसवले. ते नीट बसले.

दुपारी सिंद्रेला बरोबर घेऊन आस्ब्योर्गने गुनवोरला सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, यंत्राची नाही."

"ते तुम्ही आपसात ठरवा. मला पाऊल हवंय."

"पायाचे अंगठे वर कर."

डावा उठला. उजव्याकडे तिघंही बघत राहिली.

"हलला," सिंद्रे म्हणाला.

"पांघरूण हललं, बाळा," गुनवोर म्हणाली.

बुधवारी सकाळी तिला उजवा अंगठा खाली दाबता आला, वर उचलता आला नाही. नस नुसती दबलीय की तुटलीय हे सांगणारी विद्युत तपासणी तीन आठवड्यांनी होईल. चर्चने अजून बदली वादक नेमलेला नाही.