मालनचा तास

"रत्नाबाई, तीन वाजले. बसा आता, तुमची वेळ," सुगंधा दारातूनच म्हणाली. डोळे सुजलेले, पदर ओला. तासभराच्या प्रार्थनेत इतकं रडणारी बाई आमच्या चर्चच्या मंडळीत दुसरी नाही.

"जा, तोंड धू आधी," मी म्हटलं. "देव काय बहिरा नाही."

हे त्र्याऐंशी सालचं. घाटकोपरला भटवाडीच्या उतारावर आमची चाळ, निम्मी मंडळी तिथंच राहायची. कोणी जिवावरच्या दुखण्यात पडलं की आम्ही साखळी धरायचो. सकाळी सहापासून एकेका घराला एकेक तास. आपला तास झाला की उठून पुढच्या दारी जायचं, वेळ झाली म्हणून हाक द्यायची. घड्याळ सगळ्यांकडं नव्हतं, पण हाक कधी चुकली नव्हती.

त्या दिवशीची साखळी माझ्या पुतणीसाठी होती. जया, धाकट्या दिराची, धोंडिरामची एकुलती पोर. एकोणीस वर्षांची. कावीळ विकोपाला गेलेली, तीन दिवस दवाखान्यात. आणि पाळकबाईंनी माझ्यापुढचा तास, चार ते पाच, जयाच्या आईला दिला होता. म्हणजे माझ्या जावेला, मालनला. मुद्दामच दिला. या निमित्तानं दोघी बोलतील, असा त्यांचा हिशेब.

मालनशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते. भगिनी मंडळात, चारचौघींत, ती मला म्हणाली होती, "बाई, तुमची प्रार्थना देवाला कमी आणि शेजाऱ्यांना जास्त." सगळ्या हसल्या. मी चौथी नापास, पण प्रार्थनेला उभी राहिले की पाळकसाहेबसुद्धा मान खाली घालतात. ते मी विसरणार होते?

मी बसले. जयाच्या डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव देवाच्या हाती दिला. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात.

चार वाजले. वसुधा, माझी सून, आतून आली.

"आई, काकूंना हाक द्यायचीय ना?"

"मला घड्याळ कळतं."

"तुम्ही नका जाऊ. मी सांगून येते पटकन."

"बस खाली. कुठं जायचं नाही. तिचाही तास मीच करते. साखळी न तुटण्याशी कारण."

"पण काकू वाट बघत असतील..."

"बघू दे."

गॅलरीच्या टोकाला तिचं दार नुसतं लोटलेलं दिसत होतं. दुपारी दवाखान्यातून ती घरी आलेली मी पाहिली होती. वाटलं, बसली असेल आत माझ्या पावलांकडं कान लावून. मी पुन्हा डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, त्या दुसऱ्या तासाला मी जयासाठी मागत नव्हते. मालनला ऐकवत होते. पाचाला वसुधाला पलीकडच्या घरी पाठवलं आणि चहा टाकला.

सात वाजून गेल्यावर धोंडिराम उतार चढून आला. एकटा. गॅलरीत शिरताना त्यानं भिंतीला हात धरला.

"मालन! अगं मालन!"

मालन बाहेर आली. गालावर चटईचे वळ, केस सुटलेले. डोळे चोळत तिनं विचारलं, "चार वाजले का? हाक नाही आली अजून."

वसुधा माझ्यामागं सरकली.

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही," ती आमच्याकडं बघत सांगू लागली. "म्हटलं जरा पडते, हाक येईलच. तास झाला की दवाखान्यात निघते."

"पावणेसहाला गेली गं," धोंडिराम म्हणाला. "तुला विचारत होती. मी म्हटलं, आई तुझ्यासाठी प्रार्थनेला बसलीय, आता येईल. दाराकडं बघत होती सारखी."

मालननं आधी आकाशाकडं पाहिलं. अंधारलेलं. मग माझ्याकडं. माझ्यामागं उभी असलेली वसुधा रडायला लागली आणि त्या रडण्यावरून मालनला सगळं कळलं.

मी म्हणाले, "मी केला तुझा तास. एक मिनिट सोडलं नाही." अकरा वर्षांनी तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

तिनं पाठ फिरवली. शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्यापाशी कायम असतात.

दुसऱ्या दिवशी माती देऊन आलो. मालनच्या खोलीत माणसं दाटीनं बसली. पाळकसाहेब सवयीनं म्हणाले, "रत्नाबाई, तुम्ही प्रार्थना करा."

मी उभी राहिले. "हे स्वर्गातल्या बापा," म्हणाले आणि पुढं काही सुचेना. कोणीतरी खोकलं. माझ्या जिभेनं मला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता.

तेव्हा बसल्या जागेवरून मालननं सुरू केलं. आवाज इतका बारीक की दाराशी बसलेल्यांना ऐकू गेला नसेल.

"प्रभू, जयाच्या शेजारच्या खाटेवर देवनारची एक बाई आहे. पोटाचं आपरेशन झालंय. तिच्याकडं कोणी येत नाही. उठता येत होतं तोवर जया तिला पाणी द्यायची. आता तिला कोण देईल, तू बघ. समोरच्या म्हातारीला श्वास पुरत नाही, तिला बघ. धोंडिराम दोन दिवस जेवलेला नाही. सुगंधाचं ब्लडप्रेशर आहे, तिला फार रडू देऊ नकोस. वसुधाला झोप लागू दे. तिचा दोष नाही."

स्वतःसाठी तिनं काही मागितलं नाही. मी डोळे उघडे ठेवून उभी होते. पुढं माझं नाव येतं का, म्हणून ऐकत होते.

"आमेन," ती म्हणाली.

सगळे एकदम आमेन म्हणाले. माझं मागून आलं, एकटंच.