ओवीचा चौथा चरण

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. खानापूरच्या सागवानाची, बेळगावात घडलेली. मित्रांनो, आज माझ्या भात्याला भोकं पडली आहेत. पण एके काळी याच पेटीने निपाणीचा अख्खा तंबू रडवला होता, हे ध्यानात घ्या आणि मगच मला हसा!

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत, त्यांचं सुखदुःख पडद्याखाली बसून आम्ही वाजवायचं. आम्ही म्हणजे मी आणि माझा भरमू. तंबूचे मालक पारिसाअण्णा यांनी मला आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं.

एकदा मायलेकरांच्या ताटातुटीचा खेळ आला. त्याला भरमूने आपल्या थोरल्या बहिणीची, अंबुबाईची, जात्यावरची ओवी लावली. लेक जत्रेत हरवला की तो ओवीचे तीन चरण वाजवून थांबे. चौथा राखून ठेवी. शेवटी मायलेकरं भेटत, तेव्हा तीच ओवी पुन्हा सुरू होई, आणि चौथ्या चरणावर आई लेकाला पोटाशी धरी. मोठमोठे फेटेवाले गडी नाक शिंकरत बाहेर पडत.

अंबुबाईला मात्र हे रुचत नसे. तंबाखूच्या वखारीतून दमून आली तरी ती त्याला बोले.

"ओवी अर्धी टाकून जात्यावरनं उठू नगंस, भरमू. चांगलं नसतंय ते."

"आक्का, अर्धी ठेवल्याबिगर पुरी गोड कशी लागंल गं?"

पुढे बोलपट आला आणि कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीने भरमूला बोलावून घेतलं. निघताना त्याने माझ्यावर तीन चरण वाजवले आणि झाकण लावलं. "चौथा परत आल्यावर. मग तुलाबी न्हेतो संगं," म्हणाला. मला ते खरं वाटलं. माणसाचा शब्द काय असतो, हे पेटीला कुठून ठाऊक असणार!

तंबूत भोंगे लागले. माझ्या भात्यात उंदरांनी संसार थाटला. पारिसाअण्णांनी माझ्यावर गोणपाट टाकून सोड्याच्या बाटल्या मांडल्या. मला विकायची गोष्ट निघाली की अंबुबाई आडवी येई. "भाऊ येनार हाय न्यायला," म्हणे.

आणि भरमू आला. त्यानेच संगीत दिलेल्या बोलपटाचा खेळ होता. अंगात कोट, गळ्यात हार. अंबुबाईशेजारी, अगदी मला खेटून उभा राहिला. आनंदाने माझे पितळी सूर थरथरले.

पडद्यावर मायलेकरं समोरासमोर आली आणि भोंग्यातून आमची ओवी निघाली. सारंगी होती, बासरी होती. मी मनात म्हटलं, तीन चरणांवर थांबेल, चौथा माझा आहे. ती थांबली नाही. चौथा चरण पुरा वाजला. तंबू हुंदके देऊ लागला. भरमूचेही डोळे भरून आले. ते पुसताना त्याने कोपर टेकवलं, ते माझ्याच झाकणावर.

"कोपर काढ रं," अंबुबाई म्हणाली. "पेटी हाय ती."

"पेटी व्हय? मला वाटलं सोड्याचं खोकं."

त्याने कोटाची बाही झटकली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

अंबुबाईने मला आपल्या घरी आणलं. ती रोज मला पुसते. सकाळी दळायला बसते, ओवी म्हणते, आणि आता तीही तीन चरणांवर थांबून जात्यावरून उठते.

मित्रांनो, घरात जुनी पेटी असेल तर तिची धूळ झटका, भाता उंदरांपासून राखा. तेवढं नाही जमलं तरी एक वेळ चालेल. पण परत येतो असं सांगून कुणाचं झाकण लावू नका.