धाकटीची फाइल

धाकटीची फाइल तेवीस मिनिटांत तयार झाली, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं. चहा घेताना, चहा झाल्यावर आणि वर कप विसळतानाही. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं, हे आमचं दुकान. अकरा वर्षं मी तिथे राबतेय. धाकटी आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून आली आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. आता ग्रंथालयाच्या तीनशे कॅसेटचं काम आलं होतं. उतरवलेलं चित्रण लहान फाइलमध्ये बसवायला सगळ्या कॅसेटना एकच सेटिंग लावायचं आणि जिचं सेटिंग सरस तिच्या हाती काम, असं बाबांनी जाहीर केलं. मला ते काम हवं होतं. त्याहून जास्त म्हणजे, ते तिला मिळायला नको होतं.

चाचणीला आमच्याकडे नेहमी घरचीच एक कॅसेट घेतात. अंगणातलं दोन तासांचं चित्रण, आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ. मी सहा वर्षांची, तीनचाकी सायकलवर गोल गोल फिरतेय आणि बाबा कॅमेरा घेऊन माझ्या मागे. धाकटीने वेगवान सेटिंग लावलं, फाइल झाली सातशे एमबीची. माझं सेटिंग सावकाशीचं. पाच तास लागले आणि फाइल जवळजवळ दुप्पट झाली. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, मला तर सारख्याच दिसतायत. माझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दोन्हींत होता. धाकटीने नुसत्या भुवया वर केल्या. तिचं हे भुवया उंचावणंच मला जास्त झोंबतं.

मग दुपारभर मी तिची फाइल एकेक फ्रेम थांबवत पाहिली, डोळ्यांत तेल घालून. बहिणीचं कौतुक करायचं असतं तर कुणी एवढा वेळ काढला नसता. वेगवान सेटिंग काटकसर कुठे करतं, हे मला पाठ आहे. अंधारात. जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथलं चित्र ते ढोबळ करून टाकतं, आणि म्हणून फाइल लहान होते. तेव्हा मी सायकल सोडली आणि फक्त काळोखाच्या जागा शोधत बसले. एकेचाळिसाव्या मिनिटाला सापडलं. माझ्या मागे घराचं दार, आणि दारातल्या अंधाराचे नुसते काळे-करडे चौकोन झालेले. एवढा आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दोघांनाही बोलावलं. बाबा पडद्यापाशी वाकले.

"पण तिथे आहे काय?" त्यांनी विचारलं.

असणार काय, दार. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणत मी माझ्या फाइलमधलं तेच मिनिट लावलं.

दारात धाकटी उभी होती. तीन वर्षांची, अंगात माझा जुना फ्रॉक, एका हाताने चौकट धरलेली. सायकल जाईल तशी तिची मान वळत होती. मी चित्र पुढे पळवलं. पंचावन्नाव्या मिनिटाला ती तिथेच. सव्वा तासाला खाली बसली होती, पण तिथेच. ही कॅसेट आम्ही किमान पन्नास वेळा पाहिली असेल. तिला एकदाही कुणी पाहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी होते ना तिथे, ताई," ती म्हणाली. "सायकल नीट दिसतेय म्हणजे झालं, असं वाटलं मला. सगळे तेवढंच बघतात."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ग्रंथालयाच्या कॅसेटची यादी तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि ती पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाकडे गेली.

बाबा म्हणाले, मोठीचं सेटिंग बरोबर, काम मोठीचं. अकरा वर्षं हेच ऐकायचं होतं मला. पण ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची पुढे ओढली आणि एकेचाळिसावं मिनिट पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्यावरच्या त्या दारावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या बोटाजवळून सायकल दोनदा गेली, त्यांची नजर काही हलली नाही.

मी शेजारी उभी होते. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही पोटात दुखलंच.